थकव्याच्या आजारावरचं मानसशास्त्रीय संशोधन कसं तपासून घ्यावं

माझ्या धाकट्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला. आठवड्यात ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या, पण ती पूर्वीसारखी उठलीच नाही. शाळेत शिकवणारी बाई, दिवसाला सहा तास उभी राहणारी, ती आता स्टुलावर बसून कणीक मळायची आणि अर्ध्यात परात सरकवून द्यायची. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर, क्षयाची तपासणी, आपल्या विदर्भात जिची आधी आठवण यायला हवी ती सिकलसेलची तपासणी, सगळं झालं. वर्षभराने निदान झालं: क्रॉनिक फटीग सिंड्रोम, श्रमाने वाढणाऱ्या दीर्घ थकव्याचा आजार, ज्याला आता बहुतेक ठिकाणी एमई-सीएफएस म्हणतात.

नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात समुपदेशकांनी आम्हाला दोन पानांचा छापील कागद दिला. रोज थोडं थोडं जास्त चाला, शरीराची भीती मनातून काढा, हे संशोधनाने सिद्ध झालं आहे, असं त्यात होतं. बहिणीने मनापासून केलं. रोज थोडी मिनिटं वाढवत बाराव्या दिवशी ती फुटाळा तलावाच्या काठाने पाऊण तास चालली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मागच्या खोलीत पडदे ओढून पडून राहिली ती चार दिवस. कूलरचा आवाज सहन होईना म्हणून मे महिन्यात तो बंद ठेवावा लागला. आई चमच्याने वरणभात भरवायची आणि चमच्यांच्या मधे ती डोळे मिटून घ्यायची. "दादा, मी घाबरून नाही राहिली रे, मी चालली न," एवढंच ती म्हणाली.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. त्या आठवड्यात पहिल्यांदा तो कागद बाजूला ठेवून ज्या संशोधन-पेपरवर तो बेतला होता तो पेपर वाचायला घेतला. त्यातून जी रीत हाती लागली ती इथे लिहितो आहे. ही रीत मानसशास्त्राच्या विरोधात नाही. आजाराने नोकरी सुटलेल्या माणसाला ऐकून घेणारा चांगला मानसतज्ज्ञ मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण 'या उपचाराने आजार बरा होतो' असा दावा आला की तो औषधाच्या दाव्याइतकाच कसून तपासला पाहिजे, कारण चुकला तर किंमत रुग्णाचं शरीर मोजतं.

आधी मूळ पेपर हातात घ्या

बातमी, पत्रक, समुपदेशकाचा कागद, यांवर वेळ घालवू नका. 'कोणत्या अभ्यासावरून हे सांगता?' एवढं विचारून नाव लिहून घ्या आणि पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीत, शोधा. तिथे सारांश फुकट दिसतो, पुष्कळदा पूर्ण पेपरही. पैसे मागत असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजात शिकणारा एखादा विद्यार्थी गाठा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाल्यावर सरकारी उच्च शिक्षण संस्थांमध्ये पुष्कळ जर्नल उघडतात. नाहीतर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. बरेचजण प्रत पाठवतात.

पेपरबरोबर आणखी दोन गोष्टी शोधायच्या: अभ्यास सुरू होण्याआधी केलेली नोंदणी आणि प्रोटोकॉल. काय मोजणार, कधी मोजणार, किती सुधारणा झाली तर यश मानणार, हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं असतं. भारतातल्या ट्रायलची, म्हणजे रुग्णांवर केलेल्या उपचाराच्या चाचणीची, नोंद सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीत मिळते. पेपर आणि प्रोटोकॉल शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. या लेखातली निम्मी रीत एवढीच आहे.

उदाहरण म्हणून मी 'पेस' ही ट्रायल घेतो, कारण जगभरच्या डॉक्टरांनी व्यायाम आणि सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा, बोलून केलेला मानसोपचार) सुचवण्यामागे तिचा मोठा आधार होता. ब्रिटनमध्ये झालेली, 641 रुग्णांची, सुमारे 50 लाख पौंड खर्चाची ही ट्रायल. प्रोटोकॉल 2007 मध्ये छापला गेला, निकाल 2011 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. चार गट होते: फक्त तज्ज्ञ डॉक्टरांची देखभाल, तीच देखभाल अधिक सीबीटी, देखभाल अधिक टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम, म्हणजे जीईटी, आणि देखभाल अधिक स्वतःच्या मर्यादेत राहून वागण्याचं प्रशिक्षण. निष्कर्ष असा की सीबीटी आणि जीईटी जास्त गुणकारी.

रुग्ण म्हणून घेतलं कोणाला?

पेपरचा 'पद्धती' हा भाग उघडा आणि निदानाचे निकष बघा. इथे चूक झाली की पुढचं सगळं गणित दुसऱ्याच आजाराचं होतं.

1991 चे ऑक्सफर्ड निकष फार सैल आहेत. सहा महिने टिकलेला, कामात अडथळा आणणारा थकवा हे त्यांचं मुख्य अंग. नैराश्याने थकलेली व्यक्तीही त्यात बसू शकते, आणि तिला व्यायामाने खरोखर बरं वाटू शकतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 मध्ये मांडलेल्या निकषांत मात्र श्रमानंतर आजार उसळणं आवश्यक लक्षण आहे: थोड्याशा श्रमाने, कधी दुसऱ्या दिवशी, सगळी लक्षणं वाढतात आणि दिवसेंदिवस टिकतात. माझी बहीण बाराव्या दिवसानंतर पडली ती यामुळेच. पेसमध्ये ऑक्सफर्ड निकष वापरले होते.

याने किती फरक पडतो? अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेने, एएचआरक्यूने, 2016 मध्ये आपल्याच आढाव्यातून ऑक्सफर्ड निकषांचे अभ्यास वगळून पाहिले, तेव्हा व्यायाम उपचाराच्या बाजूने जवळजवळ पुरावा उरला नाही. म्हणून पेपरमध्ये 'श्रमानंतर उसळणं' हे शब्द शोधा. ते आवश्यक अट म्हणून नसतील, तर निष्कर्ष तुमच्या माणसाला लागू करण्याआधी थांबा.

मोजलं काय, आणि कोणी?

इथे थोडा जास्त वेळ द्या.

औषधाच्या चांगल्या चाचणीत कोणाला खरी गोळी मिळाली हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही. सीबीटी किंवा व्यायामाच्या बाबतीत हे शक्यच नाही. आपण काय करतो आहोत ते रुग्णाला माहीत असतंच. तो काही संशोधकांचा दोष नाही. पण मग यश मोजायला अशी पट्टी लागते जी अपेक्षेने हलत नाही. उपचार उघड आणि मोजमाप फक्त 'तुम्हाला कसं वाटतं?' या प्रश्नावलीचं, ही जोडी सगळ्यात कच्ची.

का, ते दम्याच्या एका अभ्यासातून फार स्वच्छ दिसतं. 2011 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो आला. दम्याच्या रुग्णांना कधी खरा इनहेलर, कधी खोटा इनहेलर, कधी खोटं ॲक्युपंक्चर दिलं, कधी काहीच दिलं नाही. 'किती बरं वाटलं?' असं विचारल्यावर तिन्ही उपचारांना जवळजवळ सारखंच उत्तर आलं, 50 टक्क्यांच्या आसपास सुधारणा. फुप्फुसातून सुटणारी हवा यंत्राने मोजली तेव्हा खऱ्या इनहेलरने 20 टक्के वाढ झाली, बाकी सगळ्यांत 7 टक्क्यांच्या आसपास. रुग्ण खोटं बोलत नव्हते. काळजी घेतली जाते आहे म्हटल्यावर माणसाला बरं वाटतं, आणि विचारणाऱ्याला निराश करावंसं वाटत नाही.

आता पेसकडे वळू. दोन्ही मुख्य मापं प्रश्नावल्यांची होती. त्यातच ट्रायल चालू असताना सहभागींना एक वार्तापत्र गेलं, ज्यात उपचाराने बरं वाटल्याचे रुग्णांचे अनुभव छापले होते. परीक्षा चालू असताना उत्तर फळ्यावर लिहिण्यासारखंच हे. हालचाल मोजणारं घड्याळासारखं यंत्र सुरुवातीला रुग्णांना लावलं होतं, पण उपचारानंतर ते माप घेतलंच नाही. नेदरलँड्समधल्या सीबीटीच्या तीन ट्रायलमध्ये असं यंत्र लावलं होतं. 2010 मध्ये ते आकडे छापले गेले: प्रश्नावलीत थकवा कमी झाला होता, प्रत्यक्ष हालचाल वाढली नव्हती.

पेसमध्ये सहा मिनिटं चालण्याची चाचणी मात्र होती. वर्षभराने जीईटी गट सरासरी 379 मीटर चालला, नुसत्या देखभालीचा गट 348, सीबीटी गट 354. हे आकडे वाचून मी एका सकाळी अंबाझरी बागेत मोबाइलवर सहा मिनिटं लावून चाललो. माझं वय 51, गुडघा थोडा दुखतो, तरी 540 मीटर झाले. व्यायामाचा उपचार घेऊन 'सुधारलेला' गट मुळातच किती आजारी होता ते मला तेव्हा पायांनी कळलं.

रुग्णांच्या बाजूने वाचताना एक गोष्ट मी मुद्दाम पाळतो: हीच कसोटी आपल्याला हव्या असलेल्या निकालालाही लावायची. 2011 मध्ये नॉर्वेत रिटुक्सिमॅब या औषधाने 30 रुग्णांच्या छोट्या ट्रायलमध्ये आशा दाखवली. आजार शरीराचा आहे हे आता सिद्ध होणार म्हणून रुग्णांना किती आनंद झाला असेल! मग 151 रुग्णांची, कोणाला काय मिळालं ते पूर्ण लपवलेली ट्रायल झाली आणि 2019 मध्ये निकाल आला: औषध आणि खोटं औषध यांत फरक नाही. दुःख झालं, पण ट्रायल अशीच करायची असते.

उंबरठा कुठे होता, कुठे गेला

प्रोटोकॉलमधली 'बरा झाला' ची व्याख्या एका कागदावर डावीकडे लिहा, पेपरमधली उजवीकडे. आमच्या जेवणाच्या टेबलावर मी हे केलं तेव्हा बहीण समोर संत्रं सोलत बसली होती. एक फोड, थांबणं, दुसरी फोड.

शारीरिक क्षमतेची पट्टी 0 ते 100. दहा प्रश्न असतात: जिना चढता येतो का, आंघोळ करता येते का, थोडं अंतर चालता येतं का, असे. पेसमध्ये 65 किंवा कमी गुण असलेल्यांनाच आजारी म्हणून घेतलं. प्रोटोकॉलप्रमाणे बरं होण्यासाठी 85 लागत होते. नंतर ती रेषा 60 वर आणली. म्हणजे 65 गुणांनी आत आलेला माणूस वर्षभरात 60 वर घसरला, तरी या पट्टीवर तो बरा! बहिणीला हे दाखवलं तर ती म्हणाली, "मग मी येतानाच बरी होती का?" खरोखरच 13 टक्के सहभागी ट्रायलमध्ये शिरतानाच दोन मुख्य मापांपैकी किमान एकात 'सामान्य' ठरत होते.

60 आलं कुठून? सर्वसाधारण लोकसंख्येची सरासरी 84, प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, 24. एकातून दुसरं वजा. वर्गात मी हे पहिल्या सत्रातच शिकवतो: सरासरीतून एक विचलन वजा करायचं ते घंटेच्या आकाराच्या वितरणासाठी. इथे आकार तसा नव्हताच. दहा माणसं घ्या, आठ धडधाकट, गुण 100. दोन वयोवृद्ध, अंथरुणाला टेकलेले, गुण 20 आणि 30. सरासरी 85, विचलन सुमारे 30, आणि 'सामान्य'ची रेषा 55. आठ जणांना पूर्ण गुण असताना 55 ला सामान्य म्हणायचं? पेसने वापरलेल्या आकड्यांतही म्हातारे आणि आजारी लोक होते, तर रुग्णांचं सरासरी वय चाळिशीच्याही आत होतं.

थकव्याच्या प्रश्नावलीत 11 प्रश्न होते. जुन्या पद्धतीत प्रत्येक उत्तराला 0 किंवा 1, नव्यात 0 ते 3. जितके गुण जास्त तितका थकवा जास्त. समजा नऊ प्रश्नांना 'नेहमीपेक्षा जास्त' असं उत्तर (जुन्यात 1, नव्यात 2) आणि दोनांना 'नेहमीपेक्षा कमी' (दोन्हींत 0). नव्या पद्धतीत 18 गुण, आणि 18 किंवा कमी म्हणजे 'सामान्य'. जुन्या पद्धतीत तेच 9, आणि आजारी म्हणून ट्रायलमध्ये घ्यायला 6 पुरत होते. एकच माणूस, तीच उत्तरं. हे गणित स्वतः पेनाने करून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

2013 मध्ये बदललेल्या व्याख्येने सीबीटी आणि जीईटीत प्रत्येकी 22 टक्के बरे झाल्याचं छापून आलं. पुढे मूळ प्रोटोकॉलने स्वतंत्रपणे मोजलं तेव्हा सीबीटीत 7, जीईटीत 4, नुसत्या देखभालीत 3 टक्के आले. 'सुधारणा' हा सौम्य निकष लावला तरी, संशोधकांनी स्वतःच्याच मूळ व्याख्येने काढलेले आकडे 2016 मध्ये आले: सीबीटी 20, जीईटी 21, देखभाल 10. आधी छापलेले आकडे 59, 61 आणि 45 होते. लेखकांचं म्हणणं असं की बदल निकाल पाहण्याआधी केले होते आणि फरक तरीही उरतोच. ते इथे लिहिणं माझं कर्तव्य आहे. पण उघड उपचार आणि प्रश्नावली या जोडीत 10 आणि 20 मधला फरक किती खरा, हा मघाचा प्रश्न तसाच उभा राहतो.

पुढच्या तपासण्या लवकर होतात. वर्षानंतरचं काय, ते बघा. पेसच्या रुग्णांना सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा गटांमध्ये लक्षणीय फरक उरला नव्हता. ते 2015 मध्ये छापलं गेलं. तुलनेच्या गटाला तितकीच तासभराची बोलणी, तितकंच लक्ष मिळालं का, तेही बघा. नुसत्या देखभालीच्या गटाला ते मिळालं नव्हतं. किती जणांनी मधे सोडलं? आणि 'त्रास झाला' हे कशाला म्हटलं, सांगितलेला व्यायाम रुग्णांनी प्रत्यक्षात केला का? घरी न झालेल्या व्यायामाने कोणाला अपाय झाला नाही, एवढ्यावरून व्यायाम सुरक्षित ठरत नाही.

पेपर छापल्यानंतर काय घडलं

पबमेडच्या त्याच पानावर खाली टिप्पण्या, दुरुस्त्या, मागे घेतल्याच्या नोंदी असतात. त्या उघडा. लायटनिंग प्रोसेस नावाच्या, मनाला वळण लावण्याच्या एका पद्धतीची मुलांवर केलेली ट्रायल 2017 मध्ये आली. निम्म्याच्या वर सहभागी आधीच्या चाचपणीतले होते आणि मुख्य माप मधेच बदललेलं होतं: शाळेतली हजेरी मागे पडून प्रश्नावली पुढे आली. 2019 मध्ये जर्नलला लांबलचक दुरुस्ती छापावी लागली. शाळेतली हजेरी, जी हजेरीपटावर दिसते, तीच मागे गेली!

पेसची आकडेवारी बाहेर कशी आली, हे माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्या आपल्या लोकांना जवळचं वाटेल. ऑस्ट्रेलियातल्या ॲलम मॅथीस या रुग्णाने ब्रिटनच्या माहिती कायद्याखाली नावं काढून टाकलेली आकडेवारी मागितली. ट्रायल करणारं विद्यापीठ लढलं, वकिलांवर दोन लाख पौंडांहून जास्त खर्च केला. ऑगस्ट 2016 मध्ये न्यायाधिकरणाने आकडेवारी द्यायला सांगितलं आणि ती दिली गेली. वर लिहिलेले 7, 4 आणि 3 टक्के त्यातूनच निघाले. तुमच्या पेपरची कच्ची आकडेवारी कोणालाही मिळते का, ही ओळ पेपरच्या शेवटी शोधा.

मग मार्गदर्शक तत्त्वं बघा, आणि त्यांची तारीख. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2017 मध्ये सीबीटी आणि जीईटीची शिफारस काढून टाकली. ब्रिटनमध्ये उपचारांची तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने 2007 मध्ये दोन्ही सुचवले होते. 29 ऑक्टोबर 2021 च्या नव्या तत्त्वांत जीईटी काढून टाकलं, आणि सीबीटी आजार बरा करायला नव्हे, हवी असेल त्याला आधार म्हणून ठेवली. या उपचारांचा पुरावा त्यांच्या तपासणीत 'कमी' किंवा 'फार कमी' दर्जाचा निघाला. आम्हाला मिळालेल्या कागदातला सल्ला अजून 2007 च्या तत्त्वांसारखाच होता.

'हे तर मनाचंच' हा समज किती जुना आहे, तेही माहीत असू द्या. 1955 मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जवळजवळ तीनशे जण, बहुतेक कर्मचारीच, आजारी पडले. पंधरा वर्षांनी, 1970 मध्ये, दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळून त्याला सामूहिक उन्माद म्हटलं. एकही रुग्ण त्यांनी तपासला नव्हता. रुग्णांमध्ये बायका जास्त, हा त्यांचा एक आधार होता.

डॉक्टरांसमोर मांडताना

भांडायला जाऊ नका. ओपीडीत तुम्हाला पाच मिनिटं मिळतात आणि डॉक्टरांनीही हे पेपर वाचलेले नसतात. एक पान न्या. वरच्या अर्ध्यात चार ओळी: कोणता अभ्यास, रुग्ण निवडताना श्रमानंतर उसळण्याची अट होती का, मापं कोणती, उंबरठा बदलला का. खालच्या अर्ध्यात तुमच्या माणसाची तीन आठवड्यांची नोंद: तारीख, काय केलं, किती वेळ, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी काय झालं. आमच्या नोंदीत 'केस धुतले, 20 मिनिटं. दुसऱ्या दिवशी उठता आलं नाही' अशी ओळ होती. तिच्यावर डॉक्टरांचं बोट थांबलं.

बोलताना 'तुम्ही चूक आहात' म्हणण्यापेक्षा 'हिच्यासारख्या रुग्णांवर हे तपासलंय का?' असं विचारा. व्यायाम सुचवला तर 'त्रास वाढला तर कधी थांबायचं आणि कोणाला कळवायचं?' हे लिहून मागा. मानसोपचार सुचवला तर तो आजार घालवायला की आजारासोबत जगायला, हे स्पष्ट करून घ्या. आजारासोबत जगायला मदत करणाऱ्या मानसोपचारासाठी आम्ही आनंदाने तयार झालो. बहीण आता पंधरवड्यातून एकदा घरूनच, आडवी पडून, फोनवर बोलते, वीस मिनिटं.

नागपूरच्या उन्हाळ्यात अपॉइंटमेंट सकाळी आठची मागा, शक्य तिथे व्हीलचेअर मागून घ्या. या आजाराच्या पुष्कळ रुग्णांना उभं राहिलं की चक्कर येते, आणि 45 अंशांत रांगेत गेलेला अर्धा तास तपासणीआधीच सगळी ताकद संपवतो.

ते एक पान आम्ही तिच्या फाइलमध्ये सिकलसेल आणि थायरॉइडच्या रिपोर्टच्या वर लावून ठेवलं आहे. नव्या डॉक्टरांनी फाइल उघडली की आधी तेच दिसतं.